पुन्हा सील गेलं

माझ्या अंगणात सकाळी सडा टाकायची सोय राहिली नव्हती. इकडून मी शेणाचं पाणी टाकायचं आणि तिकडून ट्रॅक्टरखालून काळं तेल ओघळत यायचं. रांगोळी काढावी तर दुपारपर्यंत तिच्यात तेलाचा डाग. आमच्या ह्यांना सांगितलं की ते म्हणणार, "थोडंसंच तं गळते." थोडंसंच म्हणे! ट्रॅक्टरखाली ठेवलेलं घमेलं रोज भरत होतं, आणि ते उचलून रिकामं कोण करत होतं? मीच करत होते. ह्यांना ते घमेलं कुठे ठेवलंय हेही माहीत नव्हतं.

ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी लग्न होऊन वडनेरजवळच्या या गावात आले तेव्हा हा ट्रॅक्टर ओट्याला लागून उभाच होता, आणि तेव्हाही तो काही नवा नव्हता. ज्या कंपनीनं तो बनवला ती कंपनी कधीची बंद पडली. नांगरटीला, पेरणीला आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो. हा आहे तो मामाजींच्या फिरण्याचा. त्यांचे गुडघे गेलेत. मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही, आणि वावराकडे जाणाऱ्या आमच्या पांदणीनं चारचाकी जात नाही. पण घराचा ओटा आणि ट्रॅक्टरचा पाय ठेवायचा पायठा नेमके एका उंचीचे. मामाजींनी ओट्यावरून पाय नुसता पुढे सरकवला की ते ट्रॅक्टरवर. मग धडधड करत वावरात जायचं, आंब्याखाली थांबायचं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी पाहायची, गड्याला दोन शब्द सुनवायचे आणि जेवायच्या वेळेला परत. पोरा, मला घेऊन चल, असं कोणाला म्हणायची पाळी नाही. माझी सासू गेल्यापासून तर या माणसाला तेवढं एकच काम उरलं होतं. ट्रॅक्टर बंद म्हणजे मामाजी बंद, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

आता हे सील म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही हे ज्ञान फुकटात मिळालेलं नाही. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. तो पुढून आणि मागून इंजिनाच्या बाहेर डोकावतो. तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून दोन्हीकडे रबराचं एकेक कडं बसवलेलं असतं. ते सील. पुढचं गेलं तर माझं अंगण खराब होतं. मागचं गेलं तर तेल क्लचच्या प्लेटवर उतरतं, प्लेट बुळबुळीत होते, मग इंजिन नुसतं बोंबलतं आणि चाक काही फिरत नाही. आमची दोन्ही गेली होती. एक दिवस भर पांदणीत ट्रॅक्टर उभा राहिला. मागे बैलबंड्या अडकल्या. मामाजींना सीटवरून खाली उतरता येईना, म्हणून लोकांनी त्यांना सीटवर तसंच ठेवून ट्रॅक्टर ढकलत बाजूला नेला. कोणीतरी हसलं म्हणे. घरी आल्यावर त्यांनी ताट नुसतं समोर घेतलं आणि बाजूला सारलं.

त्या दिवशी ह्यांनी जाहीर केलं, "बाबा, सीलं बदलवतो. पण एकदाच. मंग गळला तं भंगारवाल्याले देऊन टाकीन, सांगून ठेवतो."

मामाजी तसेही कमी बोलतात. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला एकदाही वाकडा शब्द बोललेला नाही.

मग हिंगणघाटहून मिस्त्री आला. तोंडात तंबाखूचा खर्रा, खिशात बोल्ट खोलायचे दोन पाने आणि जिभेवर एकच वाक्य, "ताई, टेन्शन घेऊच नका." त्याचं ते वाक्य ऐकलं की मला टेन्शन यायचं. मागचं सील काढायला ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो, हे त्यानं पहिला बोल्ट सैल केल्यावर सांगितलं. माझ्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून अर्धा ट्रॅक्टर इकडे आणि अर्धा तिकडे. मधून जायला वाट नाही. धुण्याचा दोर काढला. बोल्ट ठेवायला माझी परात नेली, पुसायला माझं लुगडं नेलं, आणि तेही जुनं नाही, चांगलं! मी ओरडले तर मिस्त्री म्हणतो, "ताई, सुती कपड्यानं साफ बसते पाहा." अरे बाप्पा, साफ बसते म्हणून माझं नेसतं लुगडं?

जुनी दोन्ही सीलं हातात आली ती पार कडक. कडा झिजलेल्या आणि त्यांवरचे नंबर पुसलेले. हिंगणघाटात तशी मिळेनात, वर्ध्यात मिळेनात. नेमकी मी तेव्हा माहेरी आर्वीला निघालेली. ह्यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

"तू जाऊनच राह्यली तं येतांना सील घेऊन येजो. डेपोच्या बाजूनं जुन्या पार्टचं दुकान आहे."

मी आईला भेटायला निघालेली, आणि पिशवीत आईसाठी चिवडा आणि त्याच्यावर फडक्यात बांधलेली दोन्ही तेलकट सीलं! बसमध्ये शेजारच्या बाईनं दोनदा नाक धरून माझ्याकडे पाहिलं. दुकानदारानं विचारलं, "कोनता ट्रॅक्टर?" मी म्हटलं, "आमचा." तो म्हणाला, "मॉडेल कोनतं?" मी म्हटलं, "लाल." मग त्यानं मला एका स्टुलावर बसवलं आणि सगळी डबडी उपसली. आतून मोजायचं, बाहेरून मोजायचं, जाडी मोजायची. एक जमलं तर दुसरं जमेना. आईकडे पोचले तेव्हा जेवणं झालेली होती, आणि माझी आई म्हणते, "काऊन वं, इतका वेळ कुठं गेलती?" काय सांगू तिला? एक गोष्ट मात्र मी शहाणपणाची केली. दुकानात असलेली त्या दोन्ही मापांची सगळी सीलं घेऊन टाकली. मिस्त्रीवर माझा तेवढाच विश्वास होता.

सीलं बसली, ट्रॅक्टर जोडला गेला, मामाजी वावरात जाऊ लागले. मी अंगण खराट्यानं घासून काढलं, राख टाकली, पुन्हा घासलं. आणि एका सकाळी पाहते तर खाली काळा थेंब. वाटलं, आधीचाच कुठे राहिलेला असेल. बोट लावून पाहिलं तर ताजं तेल.

पुन्हा सील गेलं. मिस्त्रीला फोन. तो येऊन वाकून पाहतो आणि काय म्हणतो, "सीलच डुप्लिकेट असन, ताई." म्हणजे चूक माझी! मी आर्वीहून आणलं ना! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुन्हा तोडला, पुन्हा साखळी, पुन्हा परात. या वेळी म्हणे दांड्यालाच घळ पडली आहे, सील जिथं घासतं तिथं, तर आता नवं सील जरा पुढे सरकवून बसवू म्हणजे चांगल्या जागी बसेल. बसव बाबा, तुला जिथं बसवायचं तिथं बसव. बसवलं. थोडे दिवस कोरडं राहिलं आणि पुन्हा टिपटिप सुरू झाली. क्लच पुन्हा घसरायला लागला.

ह्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. मला न सांगता. तो आला, बॉनेटवर टकटक केलं, चाकाला लाथ मारून पाहिली. मामाजी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. उठले, पाय पुढे सरकवला आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसले. बसले ते बसलेच. भंगारवाला म्हणाला, "काकाजी, उतरा ना जरा." हे म्हणाले, "बाबा, काय लहान लेकरावानी करून राह्यले?" मामाजी समोर पाहत, हात स्टिअरिंगवर. चहाची वेळ झाली, जेवणाची झाली. शेवटी मी ताट वाढलं आणि वर सीटवर नेऊन दिलं. त्यांनी तिथंच खाल्लं, ताट माझ्या हातात दिलं, आणि पुन्हा हात स्टिअरिंगवर. भंगारवाला कंटाळून निघून गेला. मी ह्यांना आत बोलावून सांगितलं, "पुन्हा जर भंगारवाला या फाटकात दिसला तं मी माहेरी जाईन, अन तुमचा सैपाक मिस्त्री करीन."

म्हणून तिसऱ्यांदा मिस्त्री आला. या वेळी त्याची बडबड कमी होती. मागचं बसवलं, क्लचप्लेट पेट्रोलनं धुतली, पुढचं बसवलं, ट्रॅक्टर जोडला. इंजिन सुरू केलं, जरा वेळ चालू दिलं आणि मग रेस वाढवली. आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढचं नवंकोरं सील आपल्या खाचेतून हळूहळू बाहेर सरकलं आणि भसकन तेल आलं. तेल मोजायची पट्टीही आपोआप वर उडाली. मिस्त्रीच्या तोंडून खर्राच पडला. त्यानं इंजिन चालू असतानाच तेल भरायच्या नळीचं टोपण काढलं, तर आतून फस्सकन धूर. त्यानं टोपण उलटं केलं, नखानं खरवडलं आणि मान हलवायला लागला.

आता पोळ्याचं सांगावं लागेल. बैल विकले त्या वर्षापासून आमच्या घरी पोळा ट्रॅक्टरचा होतो. हसायचं असेल तर हसा, आमच्या भागात पुष्कळ घरी होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्याला आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मामाजी ते आवतन ट्रॅक्टरला देतात. मडगार्डाला हळद-लोणी लावतात. दुसऱ्या दिवशी त्याला धुतात, बॉनेटवर पुरणपोळीचा घास ठेवतात. आणि बैलाची शिंगं रंगवावीत तशी ह्याची शिंगं रंगवतात. ह्याला शिंगं कुठली? तर एक ते तेल भरायच्या उभ्या नळीवरचं टोपण आणि दुसरं शेजारचं सायलेन्सर. लाल ऑइलपेंट, बारीक ब्रश, आणि एकही जागा सुटायची नाही. सायलेन्सरचा रंग जळून जातो. टोपणाचा कशाला जळेल? वर्षावर वर्षाचा थर तिथं बसला होता. आणि इंजिन श्वास सोडतं ते त्याच टोपणातून. काठाखाली बारीक छिद्रं, आत तारेची जाळी. कुकरची शिट्टी बुजली की वाफ रिंगमधून निघते, तसं आत कोंडलेलं सगळं सीलाला ढकलत होतं. आम्ही सोन्याचं सील आणून बसवलं असतं तरी ते गेलं असतं.

मिस्त्रीनं इतक्या वेळा ट्रॅक्टर तोडला, पण हे टोपण एकदा उलटं करून पाहिलं नाही, ते सोयीस्कर विसरून तो मोठ्यानं म्हणाला, "मी सांगत होतो ना, सीलची चूक नाई! कोनं लावला हा रंग?" सांगत होता म्हणे! डुप्लिकेट कोण म्हणत होतं मग?

पण मी तोंड उघडायच्या आत ह्यांचा बांध फुटला. "बाबा, तुमीच मारला त्याले! आमी येड्यावानी सीलं बदलून राह्यलो, अन तुमी दर पोळ्याले त्याचा दम कोंडून राह्यले! काई समजते का नाई तुमाले?"

मिस्त्रीसमोर. भिंतीपलीकडून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांसमोर. मामाजींनी हात पुढे केला, मिस्त्रीकडून ते टोपण घेतलं, फिरवून पाहिलं, आणि परत देऊन आत निघून गेले. मी ह्यांना म्हटलं, "झालं समाधान? रंग लावला तं का पाप केलं त्यांनी?" तर म्हणतात, "मी का खोटं बोललो?" खोटं नव्हते बोलले, म्हणूनच तर पंचाईत. खोटं असतं तर मामाजींनी मनावर घेतलं नसतं.

टोपण रॉकेलात बुडवून, घासून, छिद्रं सुईनं मोकळी केली. पुढचं सील पुन्हा बदललं. आर्वीहून जास्तीची आणली होती म्हणून बरं. आणि काय सांगू, अंगण कोरडं! एक थेंब नाही. घमेलं मी उचलून बैलांच्या रिकाम्या कोठ्यात टाकलं. सगळं कसं छान, फक्त मामाजी ट्रॅक्टरवर चढेनात. सकाळी चहा घ्यायचे आणि ओट्यावर, ट्रॅक्टरकडे पाठ करून बसायचे. बोलणं बंद. 'हो' नाही, 'नाई' नाही. भाजीत मीठ जास्त टाकून पाहिलं मी, तरी काही नाही. ह्यांना म्हटलं, एक शब्द बोला ना बापाशी, काय जाते तुमचं? तर हे म्हणतात, "मी ट्रॅक्टर ठेवला ना? मंग?" दोघंही सारखेच. आणि मी मधे, दोघांना वाढणारी.

एक दिवस हे हिंगणघाटला बाजारात गेले. मामाजी पाठ करून बसलेले. ट्रॅक्टर कोरडा ठणठणीत उभा. माझं डोकंच फिरलं. ज्याच्यापायी अंगण गेलं, लुगडं गेलं, माहेरचा दिवस गेला, तो ट्रॅक्टर आता कोंबड्यांना बसायला ठेवायचा काय?

"मामाजी," मी ओरडले, "तुमी नाई जात तं नका जाऊ. मी जाते वावरात!"

आणि चढले. मला स्कूटी येते, आणि या ट्रॅक्टरवर कुठं काय दाबायचं हे मी जन्मभर या ओट्यावरून पाहिलं होतं. बटन दाबलं, सुरू झाला. गियर पडला. ट्रॅक्टरनं अशी उडी मारली की माझी पाण्याची बादली चेपटली. तेवढ्यात मडगार्डावर काहीतरी धपकन बसलं. पाहते तर मामाजी. पाय कधी सरकवला, कसे आले, देव जाणे. दोन्ही हातांनी मडगार्ड घट्ट धरलेलं, नजर समोर.

पांदणीनं आम्ही असे निघालो की वाटेतली शेरडंसुद्धा बाजूला झाली. पहिल्या गियरमध्ये, आचके देत. नाल्यापर्यंत मी पोचवला. नाल्यात पाणी थोडंच होतं, तेही ओलांडलं. पण पलीकडच्या चढावर अर्ध्यात आले आणि पुढचं चाक उचलल्यासारखं वाटलं, आणि मी घाबरले. घाबरून दाबला तो क्लच. पूर्ण दाबला. ट्रॅक्टर मागे घसरायला लागला, खाली पाण्याकडे, आणि मी जितकी घाबरत होते तितकी जोरात क्लच दाबत होते.

"सोड! क्लच सोड, क्लच! ब्रेक कुठं हाये माहीत हाये का तुले?"

मामाजींनी तो वाकत नसलेला पाय कसा कोण जाणे आत घातला आणि ब्रेकवर ठेवला. ट्रॅक्टर थांबला.

"अक्कल गहान ठेवली का वं? कोनं सांगतलं होतं तुले चढाले? येत नाई, जात नाई, अन निंगाली वावरात! उलटला असता म्हंजे? पोराले मी काय सांगतलं असतं? सरक! सरक तिकडे!"

मी सरकले. ते सीटवर बसले. क्लच हळूच सोडला आणि ट्रॅक्टर एका दमात चढ चढून वर आला, कुठंही न घसरता. आणि मामाजी बोलतच होते. मला बोलले, मिस्त्रीला बोलले, पोराला बोलले, आर्वीच्या दुकानदारालासुद्धा सोडलं नाही. या घरात येऊन जन्म गेला माझा, कोणी मला असं कधी झाडलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणी झाडलं असतं तर मी त्याला उभा सोडला नसता. इथं मात्र मडगार्ड धरून गप ऐकत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं.

आंब्याखाली त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. इंजिन बंद केलं नाही. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले,

"इतके वरीस मी त्याचा दम कोंडला, बाई. अन एक दिवसबी नाई म्हनला नाई तो मले."

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "खरंच नाई म्हनला नाई तो, मामाजी. आता चला, पऱ्हाटी पाहू."